स्वखुशीचे कष्ट

पोटासाठीं कष्ट करणाऱ्या मनुष्यास ‘तूं कष्ट कां करतोस?’ असें कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर विचारणाराच्या डोळ्यांपुढें उभेंच असतें. परंतु ज्याच्या घरीं दोन वेळां जेवावयास आहे व दारांत मोटार उभी आहे, असा गृहस्थ जेव्हां पहांटे अंधारांत उठून सायकलवर बसतो आणि दोनशें किलोमीटर तुडवून, अंग आंबवून, रात्रीं घरीं परततो, तेव्हां त्यास हा प्रश्न विचारणें अगदीं रास्त होय. गेल्या मार्गशीर्षांत तो आम्हांस बोदलकसा येथें विचारण्यांत आला. त्याचें उत्तर त्या वेळीं आमच्यापाशीं नव्हतें, हें कबूल करूनच या लेखास आरंभ करणें बरें.

बोदलकसा हें गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांतील एक लहानसें गांव. बाहेरच्या लोकांस तें ठाऊक आहे तें तेथील तलावामुळें. १९१७ सालीं एका लहान नदीला मातीचा बांध घालून हा तलाव करण्यांत आला. भोंवतीं टेकड्या व जंगल, पलीकडे १९७० सालीं अभयारण्य म्हणून राखलेलें नागझिरा, आणि बांधाच्या खालच्या अंगास धानाच्या बांध्या. हिवाळ्यांत धान कापून झालेलें असतें, बांध्या रिकाम्या असतात, आणि तलावावर दूरदेशचीं बदकें उतरलेलीं असतात. नागपूरहून भंडारा, तेथून मोहाडी, तुमसर, देव्हाडी, माडगीजवळ वैनगंगेचा पूल, मग तिरोडा आणि बोदलकसा, असा आमचा मार्ग होता. जातां-येतां मिळून हें अंतर दोनशें किलोमीटरांहून बरेंच अधिक भरतें. आम्ही, आमचा चोवीस वर्षांचा पुतण्या आणि त्याचा एक मित्र, असे तिघेजण होतों. पहांटे पांचास निघून रात्रीं नऊच्या आंत परतावयाचें, म्हणजे सोळा तास, ही मर्यादा आमची आम्हींच घालून घेतली होती. दोन्ही तरुणांनीं एका जाड कागदाच्या तुकड्यावर गांवांचीं नांवें लिहून घेतलीं होतीं. जेथें थांबावें तेथील वेळ त्यावर लिहावयाची, असा संकेत होता. पुतण्यास पुढील महिन्यांत दोनशें किलोमीटरांच्या एका उपक्रमांत प्रथमच भाग घ्यावयाचा होता. त्याची ही रंगीत तालीम.

बांधाच्या पायथ्याशीं चहाच्या टपरीला आम्हीं सायकली टेकविल्या, तेव्हां साडेबारा वाजले होते. तेथें एक वृद्ध शेतकरी बसले होते. त्यांनीं आमच्या सायकलींकडे, मग डोक्यावरील हेल्मेटांकडे आणि शेवटीं धुळीनें माखलेल्या पोटऱ्यांकडे पाहिलें व विचारलें, “कोठून आले जी?”

“नागपूरहून.”

“सायकलनं? मोटार बंद पडली का?”

पुतण्या हंसला. मोटार घरीं आहे आणि ती उत्तम चालते, असें आम्हीं सांगितलें.

“मंग पैसे भेटतेत का जी याचे?”

“नाहीं, उपक्रमांत भाग घ्यावयाचा तर उलट आपणच भरावे लागतात.”

म्हातारबुवा कांहीं वेळ तलावाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आमी बी चालवली जी सायकल. तीस सालं. मांगं धानाचं पोतं बांधून तिरोड्याले नेत होतो. पन आमाले पोटानं लावलं होतं. तुमाले कोनं लावलं?”

त्यांच्या स्वरांत उपहास नव्हता. खरोखरीची जिज्ञासा होती. आम्ही शब्द जुळवीत होतों तोंच पुतण्या म्हणाला, “मला तर काकांनीं लावलें. त्यांच्याकडे पदक आहे.” हें ऐकून आमच्या हातांतला पेला हातांतच राहिला. कां, तें पुढें सांगूं.

ज्या वाचकांस या छंदाची माहिती नसेल त्यांच्यासाठीं आधीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचा एक प्रकार शर्यतीचा. त्यांत पहिला कोण व दुसरा कोण हें ठरतें, आणि स्वाराच्या मागें माणसांची व मोटारींची फौज असते. २०१५ सालीं नाशिकच्या डॉ. महेंद्र व डॉ. हितेंद्र या महाजन बंधूंनीं अमेरिका खंड ओलांडणारी अशी शर्यत दोघांच्या संघानें पुरी केली, आणि २०१७ सालीं नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं सुमारें ४८०० किलोमीटरांचें तेंच अंतर एकट्यानें बारा दिवसांच्या मुदतींत कापलें. त्या पराक्रमाची गोष्ट निराळी. दुसरा प्रकार तुम्हांआम्हांसारख्या साध्या माणसांचा असून त्यास ‘ब्रेव्हे’ असें फ्रेंच नांव आहे. १८९७ सालीं इटलींतील कांहीं स्वारांनीं एका दिवसांत रोमहून नेपल्स गांठलें, त्यांस ‘ओडॅक्स’, म्हणजे धाडसी, असें लॅटिन नांव पडलें. १९०४ सालीं ती कल्पना फ्रान्सनें उचलली आणि आज ती आपल्या देशांतहि रुजली आहे. दोनशें किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशें वीस तासांत, चारशें सत्तावीस तासांत, सहाशें चाळीस तासांत, अशा तिच्या पायऱ्या आहेत. १८९१ सालीं सुरू झालेली पॅरिसहून ब्रेस्ट व परत पॅरिस ही १२०० किलोमीटरांची फेरी हें या पंथाचें पंढरपूर. ती आतां चार वर्षांतून एकदां भरते व नव्वद तासांत पुरी करावयाची असते.

या प्रकारांत पहिला-दुसरा कोणी नसतो. मुदतींत आला तो आला, एवढेंच. स्वाराजवळ एक पत्रिका असते; वाटेंत नेमलेल्या ठाण्यांवर तिच्यावर शिक्का घ्यावयाचा, किंवा तेथील दुकानाची पावती जपावयाची. दोन ठाण्यांमध्यें कोणाच्या मोटारीची मदत घ्यावयाची नाहीं. बिघाड झाला तर मार्ग सोडून जाण्यास हरकत नाहीं, परंतु जेथें मार्ग सोडला तेथेंच परत येऊन पुढें निघालें पाहिजे. क्वचित् एखादें गुप्त ठाणें असतें. बाकी शेंकडों किलोमीटर स्वार आणि त्याची सदसद्विवेकबुद्धि यांच्यावांचून पाहणारें तिसरें कोणी नसतें.

पुतण्यास आम्हीं दोन महिने जो उपदेश केला तो येथें थोडक्यांत देतों. कोणा तरुण वाचकाच्या उपयोगीं पडेल. अंतर हळूहळू वाढवावें. आठवड्यांत तीन दिवस वीस-तीस किलोमीटर, आणि रविवारीं साठ, मग ऐंशी, मग शंभर, मग सव्वाशें, असा क्रम ठेवावा. ज्यास सव्वाशें सुखानें जमले त्यास दोनशें अशक्य नाहींत. उरलेलें अंतर पायांपेक्षां खाण्यापिण्यानें व धीरानेंच कापावयाचें असतें. सायकल अंगाला बेतून घ्यावी. बैठक फार खालीं असली तर गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. टांच पॅडलवर ठेवून पाय सर्वांत खालीं नेला असतां तो सरळ व्हावा, ही ढोबळ कसोटी पुरे आहे. हातांस मुंग्या येऊं लागल्या तर मुठीची जागा वरचेवर बदलावी. चढावर जड दांत्यावर जोर करीत बसण्यापेक्षां हलक्या दांत्यावर पाय भराभर फिरवावे. दोन जादा ट्यूब, पंक्चरचें सामान, पंप, पुढें-मागें दिवे आणि अंधारांत चमकणारें जाकीट हें सारें बरोबर असावें, आणि तें वापरण्याचा सराव घरींच केलेला असावा. नवी बैठक, नवे बूट किंवा नवा खाऊ यांची परीक्षा उपक्रमाच्या दिवशीं पाहूं नये. विदर्भांत उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. त्या दिवसांत या उद्योगाचें नांवहि काढूं नये. रात्रीं एकट्यानें जाऊं नये, आणि झोंप येऊं लागली तर रस्त्याशीं झगडत न बसतां सुरक्षित जागीं थांबून घटकाभर निजावें.

खाण्यापिण्याचा नियम सर्वांत महत्त्वाचा. भूक लागण्यापूर्वीं खावें आणि घसा सुकण्यापूर्वीं घोंट घ्यावा. शरीरांत सांठविलेली साखर जोराच्या श्रमानें कांहीं तासांतच सरते. ती एकदां सरली कीं पाय शिशाचे होतात आणि बुद्धीहि मंदावते. म्हणून दर तासास एखादें केळें, थोडे गूळ-शेंगदाणे, किंवा वाटेंत मिळतील ते पोहे, कांहीं तरी पोटांत जावें. मात्र तहानेच्या भीतीनें नुसतें पाणीहि ढोसूं नये. घामावाटे मीठ जातें, आणि त्यावर कोरें पाणी अतोनात प्यालें तर रक्तांतील मिठाचें प्रमाण घटून मळमळ, भोंवळ व प्रसंगीं याहून वाईट परिणाम होतात. लिंबू, साखर आणि मीठ घातलेलें आपलें घरगुती सरबत याला उत्तम. राहिला वेग. साडेतेरा तासांत दोनशें म्हणजे ताशीं पंधरा किलोमीटरांहूनहि कमी. इतक्या बेताच्या वेगांत माणसें मागें राहतात तीं बहुधा पाय चालत नाहींत म्हणून नव्हे, तर पहिल्या पन्नासांत ऊर फुटेस्तोंवर धांवलीं आणि पुढें प्रत्येक टपरीवर अर्धा-अर्धा तास बसलीं म्हणून.

हे नियम वरवर पाहतां निव्वळ व्यवहाराचे दिसतात. पण प्रत्येकाच्या बुडाशीं एकच गोष्ट आहे. आपली खरी स्थिति आपणांस ठाऊक असली पाहिजे. जो दुसऱ्याच्या वेगानें आपला वेग ठरवितो, जो दुखऱ्या गुडघ्यास ‘दुखत नाहीं’ असें म्हणतो, तो आपल्या शरीराचा जमाखर्च खोटा लिहितो. आणि शरीरासारखा कठोर सावकार दुसरा नाहीं. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मूढ आग्रहानें स्वतःस पीडा देऊन केलेलें तें तामस. सत्कार, मान आणि दंभ यांसाठीं केलेलें तें राजस. आणि फळाची आशा न धरतां श्रद्धेनें केलेलें तें सात्त्विक. सोसलेल्या वेदनेच्या मापानें तपाची प्रत ठरत नाहीं, हें यांत मुख्य आहे. पाय सुजेपर्यंत सायकल हांकली म्हणून कोणी तपस्वी होत नाहीं. तेव्हां ‘कष्टानें माणूस सुधारतो’ हें जें उत्तर आमच्या वर्गांतील माणसें अशा वेळीं चटकन् देतात, तें म्हातारबुवांच्या प्रश्नास पुरेसें नाहीं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगारा हे तिघे १९२८ सालीं ती पुरी करून परतले. त्यांना कोणीं लावलें असें विचारलें असतें तर ‘जग पाहावयाचें होतें’ असें सरळ उत्तर त्यांना देतां आलें असतें. आमच्याजवळ तेंहि नव्हतें. आम्ही ज्या रस्त्यानें गेलों त्याच रस्त्यानें परतणार होतों.

आतां त्या पदकाची हकीगत. सहा वर्षांपूर्वीं दोनशें किलोमीटरांच्या एका उपक्रमांत आम्हीं भाग घेतला होता. दीडशें किलोमीटर झाल्यावर एका निर्जन रस्त्यावर मागचा टायर दगडानें उभा फाटला. जवळ साधन नव्हतें, दिवस कलला होता. एक मालवाहू टेंपो आला. चालकानें आपण होऊन थांबविला, सायकल वर घेतली आणि नऊ किलोमीटरांवरच्या गांवांत एका सायकलवाल्याच्या दुकानापुढें आम्हांस उतरविलें. तेथें टायर मिळाला. येथपर्यंत आमच्याकडून कांहींच गैर झालें नव्हतें. परत नऊ किलोमीटर मागें जाऊन तेथून निघालों असतों तर नियमहि राहिला असता. मात्र मुदत टळली असती. आम्ही मागें गेलों नाहीं. पुढच्या ठाण्यावर शिक्का घेतला, आणि मुदतीस अठरा मिनिटें उरलीं असतां शेवट गांठला. लोकांनीं टाळ्या वाजविल्या. हें पदक कोणी बक्षीस म्हणून देत नाहीं, ज्यास हवें त्यानें पैसे भरून मागवावयाचें असतें. तेंहि आम्हीं मागविलें. पुतण्या तेव्हां कॉलेजांत होता. तें पदक हातांत घेऊन त्यानें विचारलें होतें, “काका, खरेंच सबंध दोनशें?” आणि आम्हीं मान हालविली होती.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथांत गायजीस नामक मेंढपाळाची कथा आहे. त्यास एक अंगठी सांपडते. तिचा खडा आंत फिरविला कीं तो अदृश्य होतो. त्या बळावर तो राणीस वश करतो, राजास मारतो आणि राज्य बळकावतो. अशी अंगठी हातांत असूनहि जो न्यायानें वागेल असा मनुष्य सांपडेल काय, हा त्या कथेंतील प्रश्न आहे. आम्हांस राज्य बळकवावयाचें नव्हतें. आमची अंगठी नऊ किलोमीटरांची होती. पण मोह किती मोठा आहे यावरून अंगठीची जात बदलत नाहीं. १९०४ सालच्या फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकल शर्यतींत पहिले चारहि स्वार मागाहून बाद ठरले. वाटेंत आगगाडीचा आधार घेतल्याचेहि आरोप त्या शर्यतींत झाले होते. पहिला आलेला मॉरिस गारँ हा आदल्या वर्षीं तीच शर्यत आणि १९०१ सालीं पॅरिस-ब्रेस्ट फेरी जिंकलेला नामांकित वीर होता. म्हणजे पायांत बळ नाहीं म्हणून माणूस खोटें करतो असें नव्हे. पायांत बळ असलेल्यासहि आपण उणे दिसूं ही भीति असते, आणि ती भीतीच अंगठीचा खडा फिरविते.

‘तुमाले कोनं लावलं?’ हे शब्द ऐकल्यावर हें सारें मनांत उभें राहिलें. सहा वर्षें एक पोरगा ज्या गोष्टीकडे पाहून पाय मारावयास शिकला ती गोष्टच खरी नव्हती. चहाचे पैसे देऊन आम्ही बांधावर गेलों आणि तेथें पुतण्यास सर्व सांगितलें. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “काका, नऊ किलोमीटर म्हणजे अर्धा तास. एवढ्यासाठीं?” आम्हीं म्हटलें, “होय, एवढ्यासाठींच.” त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता; निराशा होती, आणि ती रागापेक्षां सोसावयास कठीण असते.

बांधावर उभें राहिलें असतां दुसरीहि एक गोष्ट ध्यानांत येते. ही माती येथें माणसांनीं वाहिली आहे. त्यांनाहि पोटानेंच लावलें असेल. पण त्यांच्या कष्टांतून पाणी अडलें आणि शंभर वर्षांवर तें खालच्या बांध्यांत धान पिकवीत आहे. आमच्या कष्टांतून कांहींच पिकत नाहीं. तेव्हां स्वखुशीच्या कष्टांस पोटाच्या कष्टांच्या पंक्तीस बसविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. मे २०२० मध्यें, टाळेबंदीच्या दिवसांत, बिहारमधील पंधरा वर्षांची एक मुलगी जायबंदी बापास मागें बसवून गुरुग्रामहून दरभंग्याकडे सुमारें १२०० किलोमीटर सायकलनें गेली. पॅरिस-ब्रेस्टचें अंतर तेवढेंच. परंतु तिच्या पत्रिकेवर शिक्का मारावयास कोणी उभें नव्हतें. देशभर तिचें कौतुक झालें, शर्यतींच्या निवडीसाठीं तिला बोलावणेंहि आलें. त्या कौतुकांत आम्हांस तेव्हांपासून कांहीं तरी खुपत आलें आहे. जें सोसण्याची पाळी तिच्यावर येऊंच नये होती, त्यास पराक्रमाचें नांव दिलें कीं पाळी आणणारे आपण सारे मोकळे होतों. ज्यास निवड नव्हती त्याच्या कष्टांची तारीफ करण्यापूर्वीं आपली मान खालीं गेली पाहिजे.

मग ज्यास निवड आहे त्याच्या कष्टांत उरतें काय? आमच्या मतें, निवड हीच त्यांतील एकमेव किंमतीची वस्तु आहे. पोटासाठीं पोतें वाहणारास वाटेंत टेंपो मिळाला तर त्यानें खुशाल बसावें. त्याचें काम पोतें पोंचविणें हें आहे. आमचें काम पोंचणें हें नव्हेच. आम्हीं एक नियम आपण होऊन पत्करला आहे, आणि तो कोणी पाहत नसतां पाळला जातो कीं नाहीं, एवढेंच तेथें पाहावयाचें असतें. एकादशीचा उपास चोरून मोडणारा मनुष्य कोणाचें धान्य चोरीत नाहीं, तरी कांहीं तरी खचित चोरतो. कोणी म्हणेल, अशी परीक्षा संसारांत रोज होत असतां सायकलचें सोंग कशाला? खरें आहे. परंतु संसारांत नियम, स्वार्थ, भीड आणि भय यांची इतकी गुंतागुंत असते कीं आपण नियमासाठीं वागलों कीं भयासाठीं हें आपणांसहि कळत नाहीं. रिकाम्या रस्त्यावर तें स्पष्ट कळतें. आम्हांस सहा वर्षांपूर्वीं कळलें होतें. आम्हीं तें ऐकून घेतलें नाहीं, एवढेंच.

परतीच्या वाटेवर त्या दिवशींचा दुसरा धडा मिळाला. मन अस्वस्थ असल्यामुळें बोदलकसा सोडल्यापासून आम्हीं कांहीं खाल्लें नाहीं. सकाळपासून पुतण्यास केळीं मोजून देणारे आम्हीच! तिरोडा मागें पडलें, माडगीचा पूल ओलांडला, आणि देव्हाडीच्या अलीकडे डोळ्यांपुढें रस्ता हेलकावूं लागला. खालीं उतरून झाडाखालीं बसलों. गूळ खाल्ला, सरबत प्यालों, अर्धा तास गेला. चक्कर थांबली, पण हातांची थरथर थांबेना. पुढें राष्ट्रीय महामार्गावर मालमोटारींच्या रांगांतून अंधारांत सायकल चालवावयाची होती. मन म्हणत होतें, आजच कबुली दिली, आजच माघार घेतली तर पोरगा काय म्हणेल? तेव्हां उमगलें कीं ही सहा वर्षांपूर्वींचीच भीति वेष बदलून आली आहे. तेव्हां तिनें आम्हांस टेंपोंत बसविलें. आज ती सायकलवरून उतरूं देत नव्हती. निश्चय आणि हट्ट दुरून सारखेच दिसतात. निश्चयास ‘आतां स्थिति काय आहे?’ असें विचारलें तर तो थांबून उत्तर देतो. हट्टास तो प्रश्नच सहन होत नाहीं. ज्याला परत फिरतां येत नाहीं त्यानें मुळांत निघूंच नये, हा नियम आम्हीं वरच्या उपदेशांत घातला नव्हता; तो येथें घालतों.

देव्हाडीस तुमसर रोड स्थानक आहे. तेथें जवळच राहणाऱ्या एका परिचिताकडे सायकल ठेवून आम्ही आगगाडीनें नागपुरास आलों. दोन्ही तरुणांस पुढें जावयास सांगितलें. गाडींत बसल्यावर एक साधी गोष्ट उमगली. सहा वर्षांपूर्वीं आम्ही वाहनांत बसलों होतों आणि आजहि बसलों होतों. अंतर आज किती तरी अधिक चुकलें होतें. तरी त्या वेळचें नऊ किलोमीटरांचें ओझें सहा वर्षें उतरलें नव्हतें, आणि आजचें खांद्यावर चढलेंच नाहीं. वाहनांत बसणें हा दोष नव्हता. बसून न बसल्यासारखें दाखविणें हा होता.

रात्रीं दोघे तरुण सुखरूप आले आणि पुतण्यानें आपली पत्रिका आमच्यापुढें ठेवली. प्रत्येक थांब्याची वेळ तिच्यावर लिहिलेली होती. शेवटच्या ओळींत त्याच्या अक्षरांत होतें: ‘नागपूर, ९ वाजून १२ मिनिटें. मुदत १२ मिनिटांनीं टळली.’ ती मुदत कोणा मंडळानें घातली नव्हती. आम्हीं तिघांनींच ठरविली होती, आणि बारा मिनिटें खोडावयास त्याला कोणाची आडकाठी नव्हती. आम्ही त्यावर कांहीं बोललों नाहीं. तोहि बोलला नाहीं. हातपाय धुऊन जेवावयास बसला.

दुसऱ्या दिवशीं तें पदक सविस्तर पत्रासह संयोजकांकडे परत धाडलें आणि यादींतून नांव काढण्याची विनंति केली. पुढच्या हिवाळ्यांत प्रकृति ठीक राहिली तर पुन्हां बोदलकशास जाण्याचा मानस आहे. म्हातारबुवा भेटले तर त्यांच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. त्यांना हेंच सांगूं कीं, आम्हांला कोणी लावलें नाहीं; आणि कोणी लावलें नसतांहि आपण आपल्याशीं खरे राहतों काय, हें पाहावयास इतक्या दूर आलों. उत्तर ऐकून ते बहुधा मान हालवितील आणि चहा सांगतील. आम्हांस तेवढें पुरे आहे.